गढ्याचे बावन गड : एका आकड्याची तपासणी

जबलपूरजवळील गढा येथील गोंड राज्याचा विस्तार अभ्यासताना एक वाक्य तुमच्यासमोर हमखास येते : संग्रामशाहाने बावन गडांवर सत्ता स्थापन केली. ते पाठ करण्यापूर्वी कोणी व कधी लिहिले ते पाहा.

बावन गडांचा उल्लेख रामनगरच्या संस्कृत शिलालेखात आहे. हा लेख हृदयशाहाच्या काळातील, इ. स. १६६७ चा, म्हणजे संग्रामशाहानंतर शतकाहून अधिक काळाने कोरलेला. तोवर मोगलांच्या आघाताने राज्य आक्रसले होते आणि पूर्वजांचे वैभव सांगण्याची गरज वाढली होती. गडांची यादी स्लीमनने १८३७ मध्ये छापली. तिच्यावरून एकाच राजाच्या विजयांचा नकाशा रंगवणे धाडसाचे आहे.

दुसरा साक्षीदार अबुल फजल, तोही जेत्याच्या दरबारातला. त्याच्या मते अमानदासाने पित्याला मारून गादी घेतली आणि ‘संग्रामशाह’ ही पदवी त्याला गुजरातच्या बहादूरशाहाने दिली. म्हणजे सत्ता पापाची आणि मोठेपण उसने! पितृहत्येबद्दल रामनगरचा लेख अर्थातच गप्प आहे.

तरीही ‘अकबरनामा’ बाजूला ठेवू नका. राणी दुर्गावतीच्या २३,००० गावांपैकी १२,००० गावांत तिचे शिकदार होते, उरलेली गावे मुखियांमार्फत तिच्या ताब्यात होती, असे त्यात नोंदले आहे. या तपशिलाचा स्तुतीलाही उपयोग नाही आणि निंदेलाही. म्हणून तो मला बावनच्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो. ‘जिंकले’ या क्रियापदाखाली इथे दोन निराळ्या गोष्टी दडल्या आहेत : प्रत्यक्ष कारभार आणि नुसती मान्यता.

याचा लष्करी परिणाम १५६४ मध्ये दिसतो. त्याच ग्रंथात राणीकडे २०,००० घोडदळ व हजार हत्ती असल्याचे म्हटले आहे. पण आसफखान चालून आला तेव्हा सैनिक आपापली कुटुंबे सांभाळायला पांगले आणि तिच्याजवळ सुरुवातीला जेमतेम पाचशे माणसे उरली, असेही तोच ग्रंथ सांगतो. दक्षिण आफ्रिकेतील झुलू राजा शाका (राज्यकाळ १८१६–१८२८) याने तरुणांना वयोगटांनुसार पलटणींत घालून राजाच्या छावण्यांत ठेवले होते. त्यांची निष्ठा आधी राजाशी बांधलेली. गढ्याचे सैन्य मात्र बहुतांशी गावागावांतून बोलावलेले असावे. नरईजवळ २४ जून रोजी लढाईत घायाळ झालेल्या राणीने शत्रूच्या हाती लागण्याऐवजी स्वतःच प्राण दिले. तिच्या शौर्यावर पाने भरतात. तिची फौज इतक्या लवकर का विरली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.