वाकड्या वाद्याची सरळ गोष्ट

माणसाची पारख त्याच्या संगतीवरून करावी, असं आपल्याकडं म्हणतात. माणसापुरतं ते ठीक आहे. पण आपण वाद्यांनाही हाच न्याय लावतो. सनई म्हटलं की मंगलकार्य, वीणा म्हटलं की साक्षात सरस्वती, पेटी म्हटलं की भजन नाहीतर नाट्यसंगीत. आणि सॅक्सोफोन म्हटलं की? तांबडा दिवा, काचेचा पेला, हेलन आणि कोपऱ्यात सिगारेट ओढणारा खलनायक. वास्तविक या वाद्यानं कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. वाकडं असलंच तर ते स्वतःच आहे.

१९६९ च्या ‘आराधना’तलं ‘रूप तेरा मस्ताना’ रेडिओवर लागलं की घरातली वडीलमंडळी वर्तमानपत्राची घडी मोडून पुन्हा घालत, आणि आजीला एकाएकी देवघरातलं काम आठवे. त्या गाण्याच्या शब्दांनी एवढं काही होत नव्हतं. जे व्हायचं ते दोन कडव्यांच्या मधल्या जागेत, सॅक्सोफोन बोलू लागला की व्हायचं. सेन्सॉरला शब्द कापता येतात, चित्र कापता येतं. सुराला कात्री कुठून लावणार? तेव्हा जे पडद्यावर दाखवायचं नाही ते या वाद्याकडून वदवून घ्यायचं, आणि वर त्यालाच वाह्यात म्हणायचं, असा हा आपला न्याय!

खरं म्हणजे आम्हां संगमनेरकरांनी तरी असा निवाडा करू नये. अनंत फंदी याच गावचे. तमाशाच्या फडावर त्यांनी नाव काढलं आणि पुढं ते कीर्तनाकडं वळले. त्यांना वळवलं अहिल्याबाई होळकरांनी, अशी आख्यायिका आहे, आणि आता तर आमच्या जिल्ह्यालाच अहिल्याबाईंचं नाव आहे. गळा तोच, माणूस तोच. बदलली ती बैठक. हे ज्या गावाला ठाऊक आहे त्या गावानं एका वाद्याला जन्मभर दारूच्या गुत्त्यात बसवून ठेवावं, हे काही बरं नाही.

आधी या वाद्याचं कूळ पाहू. बेल्जियममधल्या दिनां गावच्या अडॉल्फ साक्स या गृहस्थांनी ते बनवलं आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं; पण गोत्र लाकडी वाद्यांचं. कारण आवाज निघतो तो तोंडाशी बसवलेल्या वेताच्या पातळ पट्टीतून. क्लॅरिनेटमध्ये अशी एक पट्टी असते, सनईत दोन. म्हणजे नातं लावायचंच तर सॅक्सोफोन हा आपल्या सनईचा परदेशात वाढलेला चुलतभाऊ निघतो. सनईला मांडवात मानाचं पान आणि चुलतभाऊ मात्र रस्त्यावर, घोड्याच्या मागं!

‘आराधना’तला तो सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. १९३१ साली कलकत्त्यात, नेपाळी घराण्यात जन्मलेला हा माणूस १९५८ मध्ये मुंबईला आला आणि पुढं कित्येक वर्षं सिनेमाची गाणी त्याच्या फुंकरीवर चालली. रेडिओवर गायकाचं नाव सांगत, संगीतकाराचं सांगत, गीतकाराचंही सांगत. वाजवणाऱ्याचं कुणी सांगत नसे. राहुलदेव बर्मन यांच्या चित्रपटांच्या नामावळीत सहायक म्हणून ‘बासू, मनोहारी, मारुती’ अशी तीन नावं यायची. त्यातले मारुती म्हणजे आपले तबल्याचे मारुतीराव कीर. पण ही नावं पडद्यावर येत तेव्हा आपण अंधारात आपली खुर्ची शोधत असू.

मनोहारींचं मोठेपण मोजायचं तर जागेचा हिशेब आधी मांडला पाहिजे. सिनेमाच्या गाण्यात वादकाच्या वाट्याला जमीन येते ती गुंठ्यानं. दहा-पंधरा सेकंद, तेवढ्यात नांगरा, पेरा, कापा आणि बांधावर या, पुढचं कडवं उभंच आहे. १९६४ च्या ‘कश्मीर की कली’त ‘है दुनिया उसी की’ या गाण्यात मनोहारींना असा गुंठा मिळाला. गाणं झिंगलेल्या माणसाचं. दुसरा एखादा वादक असता तर त्यानं वाद्यालाही दारू पाजली असती. मनोहारींचा सॅक्सोफोन मात्र एक थेंब घेत नाही. तो शेजारी बसून मित्राचं रडगाणं ऐकून घेतो आणि त्याला घरी पोचवतो. पुढच्याच वर्षीच्या ‘आरज़ू’त, ‘बेदर्दी बालमा’ला, तर बारही नाही आणि बाटलीही नाही, लताबाईंचा आवाज आणि त्यामागून उसासा टाकणारं हे वाद्य. ज्यांना सॅक्सोफोन चारित्र्यहीन वाटतो त्यांनी हे गाणं डोळे मिटून ऐकावं. यापेक्षा सोज्वळ दुःख मला तरी सनईतही सापडलेलं नाही.

आता गुंठ्याऐवजी बागायत दिली तर? हा प्रश्न मला पडला तो आमच्या चिरंजीवांमुळं. ते पुण्याला शिकतात आणि सुट्टीला येताना धुण्याच्या कपड्यांबरोबर मोबाईलमधून ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ घेऊन येतात. हा प्रकार विलायतेत १९७० च्या आगेमागे भरात होता. तिथली गाणी वीस-वीस मिनिटांची, ताल आडवेतिडवे, आणि सगळा आव महाकाव्याचा. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्यांदा ऐकून ‘टँकर आला वाटतं पाण्याचा’ असं म्हटलं. समीक्षा म्हणून हे अगदीच टाकाऊ नव्हे.

तो टँकर म्हणजे ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ नावाची इंग्लिश मंडळी. त्यांचा डेव्हिड जॅक्सन हा गडी दोन-दोन सॅक्सोफोन एकाच वेळी तोंडाला लावून वाजवतो. आधी जॅझमध्ये रोलंड कर्क हे करून गेला होता. पण जॅक्सनची कसरत केवळ जत्रेतली नाही. रॉकच्या ताफ्यात मिरवायचं काम गिटारचं असतं. इथं गिटार असून नसल्यासारखी, आणि घराचा सगळा भार ऑर्गन आणि सॅक्सोफोनवर. १९७१ च्या ‘पॉन हार्ट्स’मध्ये एक गाणं चांगलं तेवीस मिनिटांचं आहे. मनोहारी घराला खिडकी देतात. जॅक्सन भिंत बांधतो. काही ठिकाणी ती भिंत अंगावर येते, हे मान्य. बागायतदाराला पाणी मुबलक मिळालं की जमीन खारवते, तसा हा प्रकार. तरीही दीपस्तंभावर एकट्या पडलेल्या रखवालदाराचं ते गाणं ऐकताना वाटतं, की हा आक्रोश गिटारला जमला नसता. त्याला माणसाचा श्वासच हवा.

या साऱ्यांत माझं मन बसलं ते डिक पॅरीवर. ‘पिंक फ्लॉइड’च्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये ‘मनी’ नावाचं गाणं आहे. गाणं पैशाचं असल्यामुळं चिरंजीवांना आणि मला दोघांनाही जवळचं. त्याची चाल सात मात्रांची. आपला तबलजी ‘रूपक’ म्हणून मांडी ठोकू लागेल. गंमत अशी, की पुढं गिटारची पाळी येते तेव्हा तिच्यासाठी ताल चारचा होतो, म्हणजे सरळ नाशिक-पुणे हमरस्ता. पॅरीला मात्र त्या सातच्या अरुंद बांधावरूनच चालायचं असतं. तो चालतो, वर खरखरीत आवाजात टिंगल करत चालतो, आणि पाय चिखलात पडू देत नाही. थोड्या जागेत पुरतं बोलण्याची ही कला पाहून मला तो मनोहारींच्याच घराण्यातला वाटला.

आपल्याकडंही बागायतीचा प्रयोग झाला होता. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी ‘रागा जॅझ स्टाइल’ नावाची तबकडी काढली. अकरा राग, रईस खाँ यांची सतार आणि मनोहारींचा सॅक्सोफोन. ऐकायला देखणी, पण सतार आणि सॅक्सोफोन तिथं नव्या व्याह्यांसारखे वागतात. ‘आधी तुम्ही’, ‘छे छे, आधी तुम्ही’. भांडण नाही आणि म्हणून संसारही नाही. राग ओसरीवरच बसून राहतो.

त्याला माजघरात नेलं ते कद्री गोपालनाथ यांनी. दक्षिण कन्नडमधल्या नागस्वरम वाजवणाऱ्याचा हा मुलगा. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये त्यानं सॅक्सोफोन ऐकला आणि यावर कर्नाटक संगीत वाजवीन म्हणून हट्ट धरला. चाव्या दाबून सूर काढायच्या वाद्यावर गमक काढणं म्हणजे जिना उतरताना घसरगुंडीचा आनंद मागणं. त्यांनी वाद्यात फेरफार केले, वर्षानुवर्षं घासलं आणि जिन्याची घसरगुंडी करून दाखवली. १९९४ मध्ये लंडनच्या ‘प्रॉम्स’मध्ये ते वाजवून आले, २००४ मध्ये पद्मश्री झाली. २०१९ मध्ये ते गेले. मनोहारी त्याआधीच, २०१० मध्ये गेले होते. गोपालनाथांची तान ऐकताना तांबडा दिवा कुणालाही आठवत नाही, समईच आठवते.

राहता राहिली आमच्या गावची वरात. डीजेच्या भिंतीपुढं बँड हरत चालला आहे. तरी अजून एखाद्या लग्नात सोनेरी झालरीच्या कोटातली ती मंडळी दिसतात. त्यात मागच्या रांगेत एकजण ते वाकडं पितळ गळ्यात अडकवून चालत असतो. वरातीतले नाचे त्याच्या पायावर पाय देतात, पुढून मास्तर खुणा करतो, आणि त्याला दोन चौकांच्या मध्ये कुठंतरी आपला गुंठा मिळतो. तेवढ्यात त्याच्या सुराला एकदम असा कंप येतो, की घोडासुद्धा कान टवकारतो. नवरदेवाला ते कळत नाही; त्या दिवशी त्याला काहीच कळत नसतं.

आपण मात्र वऱ्हाडी असतो. आपल्याला जेवणाच्या पंगतीपर्यंत दुसरा उद्योग नसतो. तेवढ्या वेळात त्या माणसाला नुसतं नाव विचारायला काय हरकत आहे?