‘दोघेही तितकेच दोषी’ असं लिहिण्याआधी

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं : ‘अमेरिकन काँग्रेसमधील कोंडीस दोन्ही पक्ष सारखेच जबाबदार आहेत.’ गाईडनी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि समासात दोनच शब्द लिहिले, ‘मोजलंस का?’ खरं सांगायचं तर आधी रागच आला. मी ते वाक्य दावा म्हणून लिहिलंच नव्हतं. कुणाची बाजू घेतल्यासारखं दिसू नये, एवढाच हेतू होता. तुम्ही रिसर्च प्रपोजल लिहायला बसला असाल तर तुमच्याही खर्ड्यात असं एखादं वाक्य सापडेल. पण ‘सारखेच’ हा तुलनेचा शब्द आहे, आणि तुलना म्हटली की माप आलं. ‘एकच पक्ष दोषी’ म्हणणाऱ्याकडे आपण लगेच पुरावा मागतो. ‘दोघेही दोषी’ म्हणणाऱ्याला मात्र समंजस म्हणून सोडून देतो.

या सवयीवर सरळ हल्ला करणारं एक पुस्तक आहे. थॉमस मान आणि नॉर्मन ऑर्नस्टीन यांचं ‘इट्स ईव्हन वर्स दॅन इट लुक्स’, 2012 सालचं. मान ब्रुकिंग्ज इन्स्टिट्यूशनचे, तर ऑर्नस्टीन उजवीकडे झुकलेल्या मानल्या जाणाऱ्या अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूटचे. दोघांनी काही दशकं काँग्रेसचाच अभ्यास केलेला. पुस्तकात दोन मुद्दे आहेत. पहिला असा, की अमेरिकेतले पक्ष आता ब्रिटनसारख्या संसदीय पक्षांप्रमाणे एकजुटीने वागतात, पण तिथली राज्यघटना सत्ता वाटून देणारी आहे. त्यामुळे विरोधकांच्या हातात अडवण्याची ताकद राहते आणि गाडं अडतं. दुसरा मुद्दा असा, की हे ध्रुवीकरण दोन्ही बाजूंनी सारखं झालेलं नाही. रिपब्लिकन पक्ष जास्त टोकाला गेला, तडजोडच नाकारू लागला, आणि वर्तमानपत्रं समतोलाच्या नावाखाली दोष अर्धा-अर्धा वाटत राहिली. गाजला तो दुसरा मुद्दा. पुस्तकाच्या सुमारास वॉशिंग्टन पोस्टमध्ये या दोघांचा लेख आला, त्याच्या शीर्षकातच त्यांनी ‘अडचण रिपब्लिकन आहेत’ असं म्हणून टाकलं होतं.

धाडस मान्य. त्यांचा निष्कर्ष मला बऱ्याच अंशी पटतोही. पण निष्कर्ष पटला म्हणून युक्तिवाद तपासायचा राहून जातो, आणि लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपण नेमके तिथेच घसरतो. म्हणून आज पुस्तकाच्या सुरुवातीचंच उदाहरण घेऊ.

26 जानेवारी 2010. सिनेटपुढे प्रस्ताव होता की वित्तीय तूट कमी करण्यासाठी 18 जणांचा एक आयोग नेमावा, आणि त्याने सुचवलेल्या योजनेवर काँग्रेसने मतदान करणं बंधनकारक असावं. डेमोक्रॅट केंट कॉनरॅड आणि रिपब्लिकन जड ग्रेग यांचा हा संयुक्त प्रस्ताव. मतं पडली 53 विरुद्ध 46. बहुमत मिळूनही प्रस्ताव पडला, कारण गरज 60 मतांची होती. आणि ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांत 7 रिपब्लिकन सिनेटर असे होते, जे स्वतःच या प्रस्तावाचे सहप्रस्तावक होते. जॉन मॅकेन त्यांतलेच एक. मधल्या काळात काय झालं होतं? मतदानाच्या काही दिवस आधी अध्यक्ष ओबामांनी प्रस्तावाला पाठिंबा दिला होता. मान आणि ऑर्नस्टीन यांच्या लेखी इथेच सगळं आलं : समोरचा ‘हो’ म्हणाला, म्हणून हे ‘नाही’ म्हणाले.

उदाहरण जबरदस्त आहे. 53 मध्ये 7 मिळवा, बरोबर 60 होतात. पण आता त्या मतदानाचा तपशील उघडून बघा. विरोधातल्या 46 मतांत 23 रिपब्लिकन होते, 22 डेमोक्रॅट आणि 1 अपक्ष. म्हणजे 22 पैकी कुठल्याही 7 डेमोक्रॅटांनी बाजू बदलली असती तरी प्रस्ताव पास झाला असता! मग पाडला कुणी? तुमच्या हाती फक्त मतांचा डेटा असेल, तर उत्तर ‘दोघांनीही, जवळजवळ सारखंच’ असं येईल. माझ्या खर्ड्यातलं वाक्य जिंकलं म्हणायचं.

तर तसं नाही. त्या 22 डेमोक्रॅटांपैकी अनेकांना भीती होती की आयोग सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला कात्री लावेल, आणि ही भूमिका त्यांच्या बाजूने जुनीच होती. तो मतभेद झाला. त्या 7 जणांनी स्वतःच्याच सहीच्या कागदाविरुद्ध मत दिलं. पटत नाही म्हणून विरोध करणं आणि पटलेलं असूनही आता समोरच्यालाही ते हवंय म्हणून विरोध करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘तडजोडीला नकार’ हा शब्द दुसऱ्या प्रकारासाठी राखून ठेवला पाहिजे. पहिल्यालाही तोच शब्द लावला तर कुठलाही ठाम माणूस आडमुठा ठरतो. पुस्तकात हा फरक गृहीत आहे, पण व्याख्या करून तो कुठे लावलेला नाही. माझी पहिली तक्रार ही.

आणि 7 जणांचा हेतूसुद्धा इतका सरळ वाचता येत नाही. आयोगाच्या वाटेने करवाढ येईल, असा उजव्या गटांचा दबाव होता. आरोग्यविम्याच्या कायद्यावरून वातावरण पेटलेलं होतं. मतदानाच्या आठवडाभर आधी मॅसॅच्युसेट्समधली सिनेटची जागा, जी कित्येक वर्षं एडवर्ड केनेडींकडे होती, ती रिपब्लिकन स्कॉट ब्राउननी जिंकली होती. ओबामांचा पाठिंबा हे मत फिरण्याचं कारण असेल, पण त्याच आठवड्यांत आणखी तीन गोष्टी बदलल्या होत्या. आयडाहोचे माइक क्रेपो हे त्या 7 जणांपैकी. पुढे ओबामांनी कार्यकारी आदेशाने तसाच आयोग नेमला, सिम्पसन-बोल्स म्हणून तो ओळखला जातो, आणि त्यात क्रेपो सदस्य होते. डिसेंबर 2010 मध्ये त्यांनी आयोगाच्या अहवालाच्या बाजूने मत दिलं. जानेवारीत नाही, डिसेंबरात हो, अध्यक्ष तेच. ‘ओबामा म्हणाले म्हणून विरोध’ हे स्पष्टीकरण क्रेपोंना पुरत नाही. त्या अहवालाला 14 मतं हवी होती, मिळाली 11. विरोधातल्या 7 जणांत 3 रिपब्लिकन होते आणि 4 डेमोक्रॅटांच्या बाजूचे. हे सगळं सोबत ठेवलं असतं तर पुस्तकाची सुरुवात एवढी धारदार राहिली नसती, हे उघड आहे. पण मग ती जास्त विश्वासार्ह झाली असती.

आता आलेख. ध्रुवीकरणावरच्या जवळजवळ प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये तो असतो : दोन रेषा, एक निळी, एक लाल, 1970 च्या दशकापासून एकमेकींपासून दूर जाणाऱ्या, आणि लाल रेष जास्त दूर गेलेली. हे कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथाल यांच्या नॉमिनेट पद्धतीतून येतं. नाव भारदस्त आहे, कल्पना साधी आहे. कोण कुणाबरोबर मत देतो हे हजारो मतदानांत बघायचं आणि त्यावरून प्रत्येक सदस्याला साधारण उणे 1 ते अधिक 1 अशा पट्टीवर जागा द्यायची. या पद्धतीला विधेयकात काय लिहिलंय ते माहीत नसतं. ती फक्त सोबत मोजते.

म्हणून अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझसारखी डावी सदस्य स्वतःच्या पक्षाविरुद्ध डावीकडून मत देते, तेव्हा ती योगायोगाने रिपब्लिकनांसोबत मोजली जाते आणि पट्टीवर पक्षातल्या अनेकांपेक्षा मध्याजवळ दिसते. दुसरं, मतदानाला काय येऊ द्यायचं हे बहुमतातल्या पक्षाचं नेतृत्व ठरवतं. जी तडजोड सभागृहात येऊच दिली नाही तिची नोंदच नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, पट्टीवरचं अंतर आणि तडजोडीला नकार ही एकच गोष्ट नाही. लांब उभे असलेले दोघे व्यवहार करू शकतात; आपल्याकडे भाजीबाजारात रोज करतात. 2013 च्या ऑक्टोबरात 16 दिवस सरकारी कामकाज बंद पाडणं किंवा 2016 मध्ये मेरिक गारलंड यांच्या नेमणुकीवर सिनेटने सुनावणीच न घेणं, ही डावपेचांची उदाहरणं आहेत. नॉमिनेटच्या पट्टीवर ती दिसत नाहीत. गारलंड प्रकरणात तर मोजायला मतदानच झालं नाही. मान-ऑर्नस्टीन यांचा मुद्दा डावपेचांचा आहे आणि पुरावा म्हणून अधूनमधून अंतराचा आलेख पुढे येतो. त्यांची बाजू घटनांच्या तपशिलावर जास्त भक्कम उभी राहते, हे माझं मत. आलेख काढून टाकला तरी बिघडणार नाही.

गोष्ट कुठून सुरू करायची, हाही प्रश्न आहे. मान-ऑर्नस्टीन यांच्या कथेत न्यूट गिंग्रिच मध्यवर्ती आहेत : 1979 मध्ये प्रतिनिधिगृहात आले, काँग्रेसलाच बदनाम करून ती जिंकायची असं धोरण आखलं, आणि 1994 मध्ये 54 जागा जास्त मिळवून जिंकली. रिपब्लिकन बाजूचा माणूस हीच गोष्ट 1987 पासून सांगेल, जेव्हा डेमोक्रॅट बहुमताच्या सिनेटने रॉबर्ट बोर्क यांची सर्वोच्च न्यायालयावरची नेमणूक 58 विरुद्ध 42 अशी फेटाळली. शिवाय 2013 ची आठवण करून देईल, जेव्हा डेमोक्रॅटांनी बहुतेक नेमणुकांसाठीचा फिलिबस्टर मोडीत काढला. त्यावर डेमोक्रॅट सांगतील की आधी अडवणूक कुणी केली ते बघा. 2017 मध्ये रिपब्लिकनांनी तेच सर्वोच्च न्यायालयासाठी केलं. वारसाहक्काच्या भांडणात प्रत्येक भाऊ वेगळ्या सालापासून सुरुवात करतो, तसं हे. तुम्ही सुरुवातीचं साल निवडता तेव्हा आरोपीही निवडून झालेला असतो. म्हणून ते साल का निवडलं, हे मेथडॉलॉजीच्या प्रकरणात लिहा. प्रस्तावनेत गुपचूप टाकू नका.

या पुस्तकासोबत वाचायलाच हवं असं दुसरं पुस्तक म्हणजे फ्रान्सिस ली यांचं ‘इनसिक्युअर मेजॉरिटीज’, 2016. ली दोष कुणाचा हे विचारतच नाहीत. 1955 ते 1995 अशी सलग 40 वर्षं प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटांचं बहुमत होतं. विरोधकांना सत्ता मिळण्याची आशाच नव्हती, तेव्हा हाताला लागेल ते घेऊन तडजोड करण्यात शहाणपण होतं. 1980 नंतर दर निवडणुकीत सत्ता पालटेल अशी स्थिती आली. मग आज तडजोड करून समोरच्याला यश कशाला द्यायचं? थांबा, लोकांना फरक दाखवा, पुढची निवडणूक जिंका. कर्जमर्यादेवरची मतं बघितली की हे कळतं. आपला अध्यक्ष असला की बाजूने, नसला की विरोधात. 2006 मध्ये बुश अध्यक्ष असताना सिनेटर ओबामांनीही विरोधातच मत दिलं होतं.

पण लींचा युक्तिवादही पूर्ण पुरत नाही. चुरस दोन्ही पक्षांना सारखीच आहे. मग 2011 मध्ये कर्जमर्यादेची तारीख जवळ आणून देश थकबाकीदार होण्याच्या कडेपर्यंत नेण्याची तयारी एकाच बाजूने का दाखवली? 2006 चं ओबामांचं मत निषेधाचं होतं, मर्यादा वाढणार हे माहीत असताना दिलेलं. 2011 मध्ये करार 2 ऑगस्टला, अगदी शेवटच्या दिवशी, सही झाला आणि तीन दिवसांनी स्टँडर्ड अँड पूअर्सने अमेरिकेचं पतमानांकन खाली आणलं. विरोध करण्याची प्रेरणा दोघांना, पण किती ताणायचं याची मर्यादा वेगळी. इथे मान-ऑर्नस्टीन पुन्हा उपयोगी पडतात. या फरकाचं कारण हवं असेल तर मॅट ग्रॉसमन आणि डेव्हिड हॉपकिन्स यांचं ‘असिमेट्रिक पॉलिटिक्स’ बघा. त्यांच्या मते डेमोक्रॅट म्हणजे हितसंबंधी गटांची मोट, रिपब्लिकन म्हणजे विचारसरणीची चळवळ. मोट बांधणाऱ्याला काहीतरी पदरात पाडून द्यावं लागतं. चळवळीला ‘नाही’ म्हणूनही जिंकता येतं.

जाता जाता एक गंमत. 1950 मध्ये अमेरिकन पॉलिटिकल सायन्स असोसिएशनच्या समितीने अहवाल दिला होता. तक्रार काय, तर दोन्ही पक्षांत पुरेसा फरक नाही, शिस्त नाही, मतदाराला निवड करता येत नाही! तेव्हा ‘तडजोड’ म्हणून जे चालायचं त्यातलं बरंचसं दक्षिणेतल्या वर्णभेदी डेमोक्रॅटांना सांभाळून घेण्यावर उभं होतं. तडजोड हा शब्द चांगल्या बाजूला ठेवून तुम्ही प्रबंध सुरू करणार असाल, तर हा काळ आधी वाचा.

शेवटी तुमच्यापैकी जे म्हणतात ‘आपण नॉमिनेट लोकसभेला किंवा महाराष्ट्र विधानसभेला लावू’, त्यांच्यासाठी. नका लावू. 52 व्या घटनादुरुस्तीने 1985 मध्ये दहावं परिशिष्ट आलं, तेव्हापासून व्हिप मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यात बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात, म्हणजे कुणी काय मत दिलं याची नावानिशी नोंदच राहत नाही. हाती लागलेल्या थोड्या मतविभागण्यांवर गणित केलंत तर सॉफ्टवेअर तुम्हाला एवढंच सांगेल की सदस्य कुठल्या पक्षाचा आहे. ते तर तुम्हाला आधीच माहीत होतं. आपल्याकडे तडजोड झाली की नाकारली गेली, हे बघायचं तर विधेयक समितीकडे गेलं का, समितीने कुठली कलमं बदलली, आणि अहवालाला कुणी भिन्नमत टिपण जोडलं, तिथे बघावं लागेल. कंटाळवाणं काम आहे, पीडीएफ स्कॅन केलेल्या असतात, शोधता येत नाहीत. पण कागद सापडतो.

आणि 26 जानेवारी 2010 चं ते मतदान मी सांगितलं म्हणून मान्य करू नका. व्होटव्ह्यूच्या संकेतस्थळावर 111 व्या काँग्रेसचा डेटा मोफत उतरवता येतो. 46 नावं काढा, सहप्रस्तावकांची यादी शेजारी ठेवा, आणि तिसऱ्या रकान्यात प्रत्येकाने मतदानाआधी जाहीरपणे काय म्हटलं होतं ते भरायला लागा. मला हा तिसरा रकाना भरायला तीन आठवडे लागले, आणि अजून नऊ चौकटी रिकाम्या आहेत.