आठ दारांचा महाल

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. 1150) एका महालाचे उदाहरण आहे. महालाला आठ दारे. एक, दोन, तीन अशी उघडी ठेवली तर किती प्रकार होतील? उत्तरे अनुक्रमे 8, 28, 56, 70, 56, 28, 8, 1, बेरीज 255. त्याच ओघात गायत्रीच्या चरणातल्या सहा अक्षरांचे लघु-गुरू भेद मोजले आहेत. तिथे बेरीज 63 येते, आणि आचार्य तीत एक मिळवून 64 करतात.

अकरावीत मी सूत्र पाठ केले तेव्हा हा ‘एक’ मला कुणी दाखवला नव्हता. एकही गुरू नसलेला चरण हाही चरणच. म्हणून तो मोजायचा. पण सगळी दारे बंद असलेल्या महालात राजा शिरणार कुठून? सहा रसांच्या मिश्रणांतही उत्तर 63च, कारण एकही रस नसलेले व्यंजन म्हणजे रिकामी वाटी. सूत्र तेच, काय मोजायचे हे मात्र वस्तूकडे पाहून ठरते. ‘लीलावती’चे खरे अध्यापन मला इथे दिसते.

याच उदाहरणांवरून ‘संभाव्यतेचा शोध आपलाच’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो मला मान्य नाही. प्रकार मोजणे आणि त्यांतला कोणता किती वेळा घडेल हे सांगणे यांत एक पायरी आहे, आणि ती भल्याभल्यांना चुकली आहे. तीन फाशांची बेरीज 9 येण्याचे आकडे सहा तऱ्हांनी जुळतात, 10चेही सहाच तऱ्हांनी. तरी जुगाऱ्यांना 10 जरा जास्त वेळा पडताना दिसे. गॅलिलिओने प्रत्येक फासा वेगळा धरून उलगडा केला: 216पैकी 9साठी 25, 10साठी 27. पुढे 1754 साली दालांबेरसारखा गणिती नाणे दोनदा उडवण्याच्या प्रश्नात अडखळला. पहिल्याच खेपेला छापा आला की डाव संपला, म्हणून त्याने तीनच शक्यता धरल्या आणि छापा येण्याची संभाव्यता दोन तृतीयांश काढली. ती तीन चतुर्थांश आहे. त्याची मोजणी चुकली नव्हती. त्या तीन शक्यता समसंभाव्य नव्हत्या, एवढेच. महालाच्या 255 प्रकारांपैकी उद्या सकाळी कोणता दिसेल, हे भास्कराचार्य विचारतच नाहीत. ते त्यांचे न्यून नव्हे. तो त्यांचा प्रश्नच नव्हता.

त्या प्रश्नाच्या जवळ जाते ती वनपर्वातली नळकथा. इयन हॅकिंगने संभाव्यतेच्या उगमावरील आपल्या 1975च्या पुस्तकात तिची दखल घेतली आहे. धावत्या रथातून ऋतुपर्ण बेहड्याची पाने-फळे किती ते सांगतो. नळ झाड पाडून मोजतो, आकडा जुळतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात नळाला अक्षहृदय मिळते. बेहड्याच्या बियाच फासे म्हणून वापरत, तेव्हा कथाकाराने झाड उगाच निवडलेले नाही. अंदाज आणि द्यूत यांचे नाते त्याला जाणवले होते, हे नक्की. पण पुढे नळ काय करतो? पुष्करासमोर बसून सर्वस्व एकाच डावावर लावतो, आणि जिंकतो. हॅकिंगच्या वाचनात या शेवटाला मी अधिक वजन दिले असते. अक्षहृदय जाणणाऱ्याला हरण्याची शक्यता उरतच नाही. आणि ज्या विद्येत ती उरत नाही, तिथे किती डावांत किती वेळा हरू, हा हिशेब मांडायचे कारणही उरत नाही.