‘सिंहासन’च्या पाठीमागे कोण?

मंत्रालयापासून दूर, तेलंगणाच्या सीमेलगतच्या हिमायतनगरसारख्या गावी अरुण साधूंची ‘सिंहासन’ (१९७७) ही कादंबरी वाचताना प्रथम वाटते, हा मुंबईचा खेळ. आपला त्याच्याशी काय संबंध? पुस्तक मिटताना मात्र हा दिलासा उरत नाही.

साधू मूळचे पत्रकार. मुख्यमंत्री, त्यांच्या खुर्चीवर डोळा असलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, कामगारपुढारी डिकास्टा आणि हे सारे टिपणारा वार्ताहर दिगू टिपणीस यांपैकी कोणालाही त्यांनी निव्वळ खलनायक केले नाही. प्रत्येकाची गरज खरी आहे, आणि त्या गरजेतूनच माणूस मिंधा होतो. हे या लेखनाचे मोठे यश होय.

उणीवही तिथेच जाणवते. झोत राहतो तो खुर्चीसाठी झगडणाऱ्यांवर. खुर्चीमागे उभ्या असलेल्या भांडवलाचे सभ्य, कागदोपत्री दडपण अंधुकच राहते. ते पुढे दाभोळने दाखविले. एन्रॉनच्या या वीजप्रकल्पाला १९९३ मध्ये जागतिक बँकेने अर्थसाहाय्य नाकारले. तरीही त्याच वर्षी राज्य वीज मंडळाने वीजखरेदीचा करार केला. १९९५ मध्ये नव्या युती सरकारने तो रद्द केला आणि काही महिन्यांतच, १९९६ च्या प्रारंभी, दोन्ही टप्प्यांसह नव्याने मान्य केला. लोकांचे ‘शिक्षण’ व प्रकल्पाची पूर्वतयारी यांवर सुमारे २ कोटी डॉलर खर्चल्याचे कंपनीच्या अधिकाऱ्याने अमेरिकन संसदीय समितीपुढे सांगितले होते. २००१ मध्ये महागड्या विजेची खरेदी थांबली, कंपनीही बुडाली. हिमायतनगरच्या शेतपंपाला वीज देणारे मंडळही तेच होते. म्हणजे मुंबईतील ती सही आपल्या बांधापर्यंत पोहोचली होती.

जब्बार पटेलांच्या १९७९ च्या चित्रपटात निळू फुले यांचा दिगू अखेरीस वेड्यासारखा हसत सुटतो. त्याला सारे ठाऊक आहे. पण त्या ठाऊक असण्याचा कोणालाच उपयोग नाही. समीक्षकांना हा शेवट प्रभावी वाटतो. मला तो अपुरा वाटतो, कारण वाचकही त्याच्याबरोबर हसून मोकळा होतो.

शुभवर्तमानात येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसून कोण काय टाकतो ते पाहतो. श्रीमंतांच्या राशी आणि विधवेची दोन नाणी, दोन्ही त्याच्या नजरेसमोर पडतात. आपल्याकडे २०१८ पासून निवडणूक रोख्यांमुळे कंपन्यांची देणगी मतदाराच्या नजरेआड गेली, आणि नफ्याच्या साडेसात टक्क्यांची जुनी मर्यादाही उठली होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरविली, ती मतदाराच्या जाणून घेण्याच्या हक्कासाठी.

तेव्हा ‘सिंहासन’ जरूर वाचावी. परंतु दिगूचे हसू घेऊन उठू नये. दानपेटीसमोर बसून पाहणे आणि पाहिलेले ग्रामसभेत, मतदानाच्या दिवशी बोलून दाखविणे, हे विधवेच्या दोन नाण्यांइतकेच लहान आणि तितकेच मोलाचे दान आहे.