एक बाक, दोन पदव्या : उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या लौकिकाची तपासणी

माझे बी.कॉम.चे प्रमाणपत्र १९९० सालचे आहे आणि त्यावर पुणे विद्यापीठाचे नाव आहे. माझ्या धाकट्या बहिणीचे १९९४ सालचे. त्यावर 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव' असे छापले आहे. कॉलेज एकच, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे. अकाउंट्सचे सर तेच, वाचनालयातले कुलूपबंद कपाट तेच, आणि माझी बरीचशी पुस्तके समासातल्या खुणांसकट तिने वापरली. गुण तिला माझ्यापेक्षा जास्त पडले. तरी १९९५ मध्ये ती पुण्यातल्या एका खाजगी कंपनीत मुलाखतीला गेली, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी कागद हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "हे कुठलं विद्यापीठ?" त्याच शहरात मी तीन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. मला तो प्रश्न कोणी विचारला नव्हता.

नोकरी तिला मिळाली नाही. त्याचे कारण तो प्रश्नच होता असे मी म्हणणार नाही, पण तो माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे मी नोकरी केली ती पतसंस्थेत. कर्जाचे अर्ज तपासताना दुसऱ्याची पत ठरवणे हेच काम. त्या कामात एक गोष्ट लवकर कळते : अर्जदाराने आजवर किती फेडले हे पाहायचे असते, पण पाहिले जाते ते आडनाव आणि जामीनदार. विद्यापीठांच्या लौकिकाविषयी मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा तिथेही हाच व्यवहार दिसला.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडे विद्यापीठ आले ते परीक्षा घेणारे कार्यालय म्हणून. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली, त्यांचा नमुना त्या वेळच्या लंडन विद्यापीठाचा होता. कॉलेजांनी शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची. स्वतःचे विभाग आणि संशोधन या गोष्टी मागाहून जोडल्या गेल्या. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा खानदेश त्याच्याकडे आला आणि ४१ वर्षे तिथे राहिला. या काळात निकालपत्रावर नावाची वेलांटी चुकली तरी पुणे गाठावे लागे. महाराष्ट्र एक्स्प्रेसने जायचे, गणेशखिंडीत खिडकीपुढे उभे राहायचे, साहेब जेवायला गेलेले असले तर मुक्काम. माझ्या वर्गातल्या एका मुलाने आडनावातली चूक तशीच राहू दिली आणि पुढे सगळीकडे तेच आडनाव लावले. जाण्यायेण्याचा खर्च परवडत नव्हता.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव आणि धुळे हे जिल्हे पुण्यापासून वेगळे काढून नवे विद्यापीठ झाले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निघाल्यावर क्षेत्र तेच राहिले, जिल्हे तीन झाले. गणिती डॉ. एन. के. ठाकरे हे पहिले कुलगुरू. गिरणेकाठी बांभोरीजवळच्या खडकाळ माळावर आवार उभे राहिले. नावात एक गंमत आहे. महसुली हिशेबाने उत्तर महाराष्ट्र म्हणजे नाशिक विभाग, पण नाशिक आणि नगर पुण्याकडेच राहिले. नाशिक नसलेला उत्तर महाराष्ट्र! 'खानदेश' हे या मुलखाचे जुने, ओळखीचे नाव हाताशी असताना दिशादर्शक नाव का घेतले, याचे मला नेहमी नवल वाटले आहे. 'शिवाजी' किंवा 'मराठवाडा' म्हटले की काही तरी डोळ्यांपुढे येते. 'उत्तर' म्हटले की होकायंत्र येते.

आता लौकिक मोजणाऱ्या यंत्रणेकडे वळू. नॅकची स्थापना १९९४ ची. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्या यादीवर दरवर्षी वर्तमानपत्रांत मथळे येतात, पण तिची कसोटीपत्रिका फारशी कोणी वाचत नाही. मी वाचली. अध्यापन व साधनांना ३० टक्के भार, संशोधनाला ३०, पदवीनंतरच्या फलिताला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि उरलेले १० 'परसेप्शन'ला, म्हणजे इतर प्राध्यापकांचे व नोकरी देणाऱ्यांचे तुमच्याविषयी काय मत आहे याला. बहिणीला प्रश्न विचारणारे ते गृहस्थ आता कसोटीपत्रिकेत जाऊन बसले आहेत, आणि दहा गुण त्यांच्या हातात आहेत. ज्याचे नाव ऐकलेले नाही त्याला गुण कमी, गुण कमी म्हणून क्रमांक खाली, आणि क्रमांक खाली म्हणून नाव ऐकू येत नाही.

पण याहून मोठी गोम वेगळी आहे. ही क्रमवारी विद्यापीठ म्हणून जे मोजते ते आवारातले विभाग. संलग्न कॉलेजे त्यात धरत नाहीत. त्यांची यादी निराळी. म्हणजे गिरणेकाठच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चांगले काम झाले, शोधनिबंध छापून आले, तर क्रमांक वर जाईल. आणि त्याच वर्षी एखाद्या आडगावच्या कॉलेजात इंग्रजीला वर्षभर शिक्षक नसला तरी त्या क्रमांकाला धक्का लागणार नाही. उलटही होते. परीक्षेत घोळ झाला, निकाल लांबला, कुठे कॉपीचे प्रकरण गाजले, की बदनामी अख्ख्या विद्यापीठाची होते आणि प्रयोगशाळेत रात्री जागणाऱ्यालाही ती चिकटते. आवाराचा लौकिक कॉलेजांना मिळत नाही, कॉलेजांचा अपलौकिक मात्र आवाराला मिळतो. एकाच नावावर दोन खाती चालतात आणि कोणत्या खात्यातली जमा कोणत्या खात्यात दाखवली आहे हे कोणी तपासत नाही. पतसंस्थेत असा ताळेबंद मांडला असता तर लेखापरीक्षकाने आम्हाला घरी पाठवले असते.

२०२४ मध्ये राज्य विद्यापीठांची वेगळी यादी सुरू झाली. पहिल्या वर्षी अण्णा विद्यापीठ पहिले, यादवपूर दुसरे, पुणे तिसरे. यादवपूर हे मुख्यतः स्वतःच्याच आवारात शिकवणारे विद्यापीठ. त्याच्या शेजारी तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या परीक्षांचा भार वाहणारे विद्यापीठ एकाच रकान्यात बसवायचे, हा कुस्तीगीर आणि हमाल यांचा एकाच काट्यावर घेतलेला वजनाचा प्रकार आहे.

अध्यापनाच्या तीस टक्क्यांत विद्यार्थीसंख्येच्या मानाने पूर्णवेळ अध्यापक किती, हा एक घटक आहे. राज्यातल्या विद्यापीठांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि तासिका तत्त्वावरच्या माणसांवर विभाग चालतात, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. तुमच्यापैकी काही जण स्वतःच त्या तासिकांवर असतील. पदभरतीला मान्यता द्यायची सरकारने, ती अडली की गुण जायचे विद्यापीठाचे, आणि घसरलेल्या क्रमांकाबद्दल जाब विचारायचा पुन्हा सरकारनेच.

मराठी साहित्यानेही या लौकिकात आपली भर घातली आहे. 'कोसला' (१९६३) मधला पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला जातो आणि परत येतो. पुढे नेमाड्यांच्या 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' या चार कादंबऱ्यांतून लहान गावांतली कॉलेजे, संस्थाचालक आणि स्टाफरूममधले राजकारण आपल्या मनात असे बसले की मोफसल कॉलेज म्हटले की अजून तेच चित्र उभे राहते. चित्र खोटे नव्हते. पण ते जळगावच्या विद्यापीठाच्या आधीचे, पुण्याशी जोडलेल्या काळाचे होते. आपल्या टीकाकारांनी ते सरसकट मोफसलाचे प्राक्तन म्हणून वाचले. अशा कॉलेजावर अधिकार चालवणारे विद्यापीठ त्या काळी कुठे होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

इथवर मी या विद्यापीठाची वकिली केल्यासारखे वाटेल, म्हणून त्याच्या पाठीराख्यांकडेही वळतो. त्यांचे ठरलेले उत्तर असते : हा आदिवासीबहुल, मागास भाग आहे, पहिल्या पिढीचे विद्यार्थी आहेत. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास होते, हे खरे. पण हे विद्यापीठाचे कारण आहे, सबब नव्हे. धडगाव-अक्कलकुव्याची मुले पदवीपर्यंत यावीत म्हणूनच तर ते पुण्याहून इकडे आणले. त्या मुलांना पुरेसे शिक्षक, वेळेवर निकाल आणि दुरुस्तीची जवळची खिडकी मिळाली का, हाच हिशेब त्याच्याकडे आधी मागायला हवा. धडगावच्या मुलीला जळगावला यायचे तर आजही अख्खा दिवस जातो. तिच्या दृष्टीने पुणे जळगावला आले, एवढेच झाले.

दुसरी माझी तक्रार अधिक मनापासूनची आहे. काही विषय असे आहेत की ते कुठेही शिकता येतात, आणि काही असे की ते याच मुलखात शिकायला हवेत. ग्रियर्सनच्या भाषापाहणीत खानदेशीचा विचार मराठीच्या खंडात केलेला नाही. भिल्ल भाषांच्या जोडीने नवव्या खंडात केला आहे. २०११ मध्ये खानदेशी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवणारे १८ लाखांहून अधिक होते. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, मावची, भिलीची नाना रूपे, एवढे भाषिक धन एका विद्यापीठाच्या क्षेत्रात क्वचित सापडेल. शेजारी धुळ्याला राजवाड्यांच्या मृत्यूनंतर लगेच, १९२७ मध्ये उभे राहिलेले संशोधन मंडळ; अमळनेरला प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ मध्ये निघालेले तत्त्वज्ञान केंद्र. हे सारे विद्यापीठाच्या आधीचे. जगातल्या कोणत्याही भाषाशास्त्रज्ञाला या बोलींसाठी जळगावला यावेच लागावे, अशी पत इथे मिळवता येण्यासारखी होती आणि आहे. पण क्रमवारीतले संशोधन मोजले जाते ते स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींवरून. मराठीत लिहिलेला बोलीचा कोश तिथे जवळपास शून्य. मग कोणता कुलगुरू बोलीमागे पैसा लावील? या मोहाला बळी पडणारे जळगाव एकटे नाही, पण गमावण्यासारखे इतरांपेक्षा जास्त त्याच्याकडे होते.

२०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या शेतकरी बाईचे नाव विद्यापीठाला मिळावे, याचा मला आनंद झाला. (त्यांची भाषा अहिराणी, असे भाषणांतून अजून सांगितले जाते, ती लेवा गणबोली आहे.) पण त्यांच्या कीर्तीची कथाही याच प्रकरणातली. असोद्याची ही बाई १९५१ मध्ये वारली. गाणी घरात म्हटली जात होती, मुलाने आणि आप्ताने ती उतरून घेतली होती. सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले, तेव्हा महाराष्ट्राला कळले. गाणी तीच होती. जामीनदार मिळाला होता.

गेल्या वर्षी बहिणीला नोकरीच्या कामासाठी कागदपत्रांची पडताळणी करावी लागली. प्रमाणपत्रावरचे नाव आणि विद्यापीठाचे आजचे नाव जुळत नाही म्हणून खिडकीवरच्या मुलाने तिला परत पाठवले. नामविस्ताराच्या कागदाची झेरॉक्स जोडा म्हणाला. माझ्या प्रमाणपत्रावरचे 'पुणे विद्यापीठ' हे नावही २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले आहे. माझी पडताळणी त्याच खिडकीवर, त्याच मुलाने, दोन महिने आधी केली होती. त्याने कागद पाहिला, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली.