अंधाऱ्या खोलीतलं घुमट : तीन फोटोंविषयी

आजचं आमचं बोलणं तीन फोटोंपुरतंच आहे. पाचूबंदरच्या एका घरात माळ्यावरून खाली काढलेल्या जुन्या घुमटाचे हे फोटो. काढलेत घरातल्याच मुलांनी, साध्या मोबाईलवर. घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे भर दुपारीही पुढच्या खोलीत उजेड येतो तो दारातूनच.

पहिला फोटो फ्लॅशचा. मडकं लख्ख दिसतं, पण थाळीसारखं चपटं, आणि कातड्याच्या मधोमध पांढरा डाग. असं का होतं? फ्लॅश लेन्सला खेटून असतो. ताणलेलं कातडं समोरून आलेला उजेड सरळ परत फेकतं, आणि सावली मडक्याच्या मागे लपते. सावलीच नाही, तर गोलाई दिसणार कुठून?

दुसरा फोटो नाइट मोडचा. घरच्यांना हाच सगळ्यांत आवडला. आमची खरी तक्रार मात्र याच्याबद्दल आहे. नाइट मोड एकामागून एक अनेक फ्रेम घेतो, त्या एकत्र करतो आणि अंधारातले रवे पुसतो. पण रवे कुठले आणि खवले कुठले, हे त्याला दर वेळी कळतंच असं नाही. इथे कातडं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालंय.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात? तर असं बघा. वसईच्या ख्रिस्ती लग्नघरांत उंबराचं पाणी आणायला जाताना वाजणारं हे वाद्य. त्याच्या मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता शेळीचं कातडं लावतात. 2019मध्ये गोव्याने घुमटाला वारसावाद्याचा मान दिला. म्हणजे वाद्य राहील, पण घोरपडीच्या कातड्याचं घुमट पुन्हा होणार नाही, आणि होऊही नये. मागे राहील तो फोटोच. आणि या फोटोत कातडं घोरपडीचं की शेळीचं, तेच सांगता येत नाही!

तिसऱ्या फोटोसाठी मुलांनी फ्लॅश आणि ट्यूबलाइट दोन्ही बंद केले. घुमट दाराजवळ असं ठेवलं, की उजेड एका बाजूने तिरपा पडेल. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवला. आयएसओ 100, शटर पाव सेकंद, आणि बोटाच्या धक्क्याने हलू नये म्हणून 2 सेकंदांचा टायमर. अंधाऱ्या बाजूला पांढरी चादर धरली. खर्च शून्य.

फोटो काळपट आहे, एक कड बुडालेलीच आहे. पण तिरप्या उजेडात खवले एकेक करून उठलेत, आणि थाप पडून पडून झिजलेली जागाही दिसते. आमच्या मते तिघांत हाच खरा.

तोही पुरता नाही, हे सांगायला हवं. घुमटाचं लहान तोंड उघडं असतं. दुसऱ्या हाताने ते झाकत-उघडत आवाज बदलतात. ते तोंड एकाही फोटोत नाही. शेजारी मोजपट्टीही नाही, त्यामुळे आकार कळत नाही. आणि हे वाजवायचं कोण, ते कुठेच लिहिलेलं नाही. मुलांनो, घुमट माळ्यावर परत चढवण्याआधी एवढं करा. आजीला विचारा, ती सांगेल.