जिंकेल कोण आणि जिंकावं कुणी: एका चुकलेल्या अंदाजाची चिरफाड

संशोधनाच्या वाटेवर निघालेल्या मित्रमैत्रिणींनो, आज थोडं सिनेमाबद्दल बोलू. विषय आपलाच आहे, फक्त उदाहरण ऑस्करचं.

आमच्या हॉस्टेलवर दरवर्षी ऑस्करच्या आधी एक कागद फिरतो. त्यावर दोन रकाने असतात: ‘जिंकेल’ आणि ‘जिंकावा’. सोमवारी पहाटे निकाल लागतात, आणि ज्याचा ‘जिंकेल’चा रकाना सगळ्यात जास्त चुकतो त्याने सगळ्यांना चहा-पोहे द्यायचे. ही विभागणी काही आमचा शोध नाही. अमेरिकेत जीन सिस्कल आणि रॉजर इबर्ट हे समीक्षक टीव्हीवर ‘आम्ही विजेते निवडले असते तर’ अशा अर्थाच्या नावाचा वेगळा कार्यक्रमच करायचे. अंदाज वेगळा, आवड वेगळी. ऐकायला सोपं आहे, नाही का?

2022 मध्ये मी दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहिलं: जेन कॅम्पियनचा ‘द पॉवर ऑफ द डॉग’. जिंकला ‘कोडा’.

आधी आवडीचं सांगते, कारण ती लपवली तर पुढचं सगळं खोटं ठरेल. ‘पॉवर ऑफ द डॉग’ मला आजही मोठा सिनेमा वाटतो. 1925 सालचं मोंटाना, दोन भाऊ, एक विधवा आणि तिचा हडकुळा मुलगा. दिग्दर्शिका तुम्हाला काहीच समजावून सांगत नाही. कच्च्या चामड्याचा एक दोर विणला जात असतो आणि शेवटी तुमच्या लक्षात येतं की सगळं डोळ्यांसमोरच होतं, आपण बघितलं नाही. (शेवट सांगत नाही, बघा.) ‘कोडा’ त्याच्या अगदी उलट. कर्णबधिर घरातली एकुलती एक ऐकू येणारी मुलगी, तिला गायचं असतं. ‘खामोशी’मधले नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास ज्यांना आठवतात त्यांना हे घर ओळखीचं वाटेल. पुढे काय होणार ते अर्ध्या तासात कळतं. तरी ट्रॉय कोत्सुरने केलेला बाप बघून मी रडले, आणि मग आपण रडलो याचाच थोडा राग आला. त्या रागाला पुरावा समजले, तिथे चूक सुरू झाली.

आता पुरावा बघू. ‘पॉवर ऑफ द डॉग’ला 12 नामांकनं, दिग्दर्शक संघाचा पुरस्कार, बाफ्टा, गोल्डन ग्लोब. ‘कोडा’ला नामांकनं फक्त 3; दिग्दर्शन आणि संकलन दोन्हींत नाही. पण फेब्रुवारीच्या शेवटी कलाकार संघाने आपला संपूर्ण कलाकारवर्गाचा पुरस्कार ‘कोडा’ला दिला होता, आणि 19 मार्चला निर्माता संघानेही. समारंभ 27 तारखेला होता, कागद बदलायची मुभा तोवर होती. मी बदलला नाही. का? तर म्हणे, संकलनाचं नामांकन नसलेला सिनेमा जिंकत नाही, हा जुना नियम.

आणि हाच नियमवादी जीव 2020 मध्ये काय करत होता? तेव्हा माझा लाडका ‘पॅरासाइट’ होता. निर्माता संघ, दिग्दर्शक संघ, बाफ्टा सगळे ‘1917’च्या बाजूने. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतला सिनेमा तोवर एकदाही सर्वोत्कृष्ट ठरला नव्हता. मी म्हटलं, नियम मोडायलाच असतात. ‘पॅरासाइट’ जिंकला, मी हॉस्टेलभर मिरवले, आणि निर्माता संघाचं काही खरं नाही असा धडा घेतला. म्हणजे नियम सोयीचा असेल तेव्हा पाळायचा, नसेल तेव्हा मोडायचा. बरोबर आलेल्या अंदाजाने मला चुकलेल्यापेक्षा जास्त बिघडवलं.

खरं तर यंत्रणा समजून घ्यायला हवी होती. 2009 च्या सिनेमांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतीक्रमाने मतदान होतं. समजा 100 मतदार आणि तीन सिनेमे आहेत: पहिल्या पसंतीची मतं अ ला 40, ब ला 35, क ला 25. क बाद होतो. त्याच्या 25 पैकी 20 जणांची दुसरी पसंती ब असेल, तर ब 55 वर जातो आणि आघाडीवरचा अ हरतो. थोडक्यात, नुसतं ‘कुणावर लोकांचं सगळ्यात जास्त प्रेम आहे’ विचारून भागत नाही; ‘कुणाला फारसं कुणी खाली ढकलणार नाही’ हेही विचारावं लागतं. निर्माता संघाची पद्धतही हीच आहे. दिग्दर्शनाच्या ऑस्करला मात्र साधी सर्वाधिक मतं चालतात, आणि तो कॅम्पियनला मिळालाच.

म्हणून निर्माता संघावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा का? मोजून बघा. 2010 ते 2021 या 12 समारंभांत निर्माता संघाचा विजेता 9 वेळा ऑस्करशी जुळला (त्यातल्या एका वर्षी त्यांनी दोघांना विभागून दिला होता), दिग्दर्शक संघाचा 7 वेळा, कलाकार संघाचा 5 वेळा. नऊ आणि सात यांत फरक दोन वर्षांचा. बारा नोंदींवर ‘अमुक टक्के शक्यता’ सांगणारी मॉडेल्स बघितली की मला त्यातल्या दशांश चिन्हाची कीव येते. शिवाय मतदारही तेच राहत नाहीत: अकादमीने 2016 मध्ये 683, 2017 मध्ये 774, 2018 मध्ये 928 नव्या लोकांना सदस्यत्वाचं आमंत्रण दिलं. जुन्या मतदारांवरून काढलेला नियम नव्यांना लावायचा, हा नमुनानिवडीचा प्रश्न झाला. आणि 2013 मध्ये तर दिग्दर्शक संघाने बेन अॅफ्लेकला निवडलं, ज्याला दिग्दर्शनाच्या ऑस्करचं नामांकनच नव्हतं! सगळ्यात भरवशाचा निर्देशक त्या वर्षी कोरा. दिग्दर्शनाचा ऑस्कर ‘लाइफ ऑफ पाय’साठी अँग लीला गेला.

आता हे सगळं तुम्हाला का सांगतेय? त्याच वर्षी माझा प्रगती अहवाल होता. बाजरीच्या रोपांना पाण्याचा ताण दिला की एक विशिष्ट जनुक जास्त सक्रिय होतं, असं माझं गृहीतक. रोपांच्या एका तुकडीत तसं दिसलं नाही, म्हणून मी ती वगळली. कारण लिहिलं, ‘पेरणी उशिरा’. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, “दुसरी एक तुकडीही उशिरा पेरलेली दिसते. ती का ठेवलीत?” ती ठेवली होती कारण ती माझ्या बाजूने बोलत होती. उत्तर देता येईना.

प्रयोग पुन्हा करण्यात आठ महिने गेले. यावेळी पेरणीच्या आधीच, कुठल्या कारणाने तुकडी वगळायची ते लिहून गाईडना मेल केलं. जनुकातला फरक नेहमीच्या चढउताराच्या आतच निघाला आणि प्रबंधातलं ते प्रकरण गेलं. त्या जनुकावर माझा अजूनही जीव आहे, पण तो ‘जिंकावा’च्या रकान्यात.

हॉस्टेलच्या कागदाला आता मी तिसरा रकाना जोडलाय: ‘काय दिसलं तर मत बदलेन’. पोरं कुरकुरतात, चहा-पोह्यांसाठी एवढं कशाला म्हणून. 2020 चा जुना कागद मात्र जपून ठेवलाय. ‘पॅरासाइट’समोर बरोबरची खूण आहे, आणि बाजूला नंतर पेन्सिलीने लिहिलंय: कारण चूक.